मोहाच्या अंगणातलं पिल्लू

तिरोडा
बुधवार, १९ मार्च २०२५

दुर्पताबाईस,
धाकट्या भावाचा जय सेवा.

काल फोनवर तू अर्धंच बोललीस आणि गावतळ्याच्या, बोडीच्या पाळीवरून खाली उतरलीस. रेंज गेली की तूच ठेवलास, मला माहीत नाही. म्हणून लिहितो आहे. लिहिलेलं मधेच तोडता येत नाही. ओमेश माझ्याबरोबर राईस मिलमध्ये आहे, तुमच्याकडून रोज गाडीने येतो. त्याच्या हाती हे देतो, उत्तरही त्याच्याच हाती दे.

रविवारी मी ढेमस्या पिल्लाला तुझ्या मांडीवर ठेवलं आणि मंगळवारी तुमच्या भुऱ्या कुत्र्याने त्याला आडवं पाडलं. तू हे असं सांगितलंस, जसं काही दूध उतू गेलं. मागून भाऊजी हसले, तेही मला ऐकू आलं.

बाई, ते पिल्लू मी हौसेने आणलेलं नाही. त्याची आई मोठ्या रस्त्यावर ट्रकखाली गेली, तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. बाकीची भावंडं मेली. याला मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं, शर्टाच्या आत घेऊन झोपलो. घरमालकीण सुशिलाबाई म्हणाल्या, "या घरात एक तर कुत्रं राहील, नाही तर तू." म्हणून तुझ्याकडे दिलं. तू नाही म्हणाली असतीस तर मी खोली सोडली असती. तू हो म्हणालीस.

मी तुला सगळं समजावून सांगितलं होतं, तरी पुन्हा लिहितो. आधी भुऱ्या-काली या मोठ्या दोघांना बाहेर वाढायचं, मग याला आत, दार लावून. त्यांच्यासमोर याला उचलून घ्यायचं नाही, त्यांना राग येतो. याचं भांडं वेगळं, ते त्यांना चाटू द्यायचं नाही. भुऱ्या गुरगुरला तर ओरडायचं नाही, मधे उभं राहायचं. आणि <u>गळ्यातली घंटी काढायची नाही</u>. ती मी इथल्या बाजारातून बघून आणली आहे, बकरीच्या पिल्लांना बांधतात ती. तुझ्या घरामागे जंगल आहे. पिल्लू कुठे गेलं ते आवाजावरून कळलं पाहिजे.

यातलं तू काय केलंस आणि काय केलं नाहीस, ते लिही.

लखन


सालेकसा
शनिवार, २२ मार्च

लखनमास्तर,

दहावी नापास झाला तरी तुझी मास्तरकी गेली नाही. पत्रात रेघ मारून पाठवतो. माझ्या चुका काढू नको, मी चुलीपाशी बसून लिहून राहिली.

तुला काय वाटते, मी इथे तुझं कुत्रं सांभाळायला बसली आहे? मोह पडून राहिला, फुलं वेचायचे दिवस. उजाडायच्या आधी आम्ही दोघं टोपल्या घेऊन निघतो, कुत्रे संग येतात, अस्वलाचं भेव असते. ऊन चढल्यावर परत. मग सारवलेल्या अंगणात मोह पसरायचा, दिवसभर हलवायचा, संध्याकाळी गोळा करून आत घ्यायचा. त्यात स्वयंपाक, त्यात पाणी. त्यात सुकरामच्या बकऱ्या. शेजारी असून त्याला लाज नाही, बकऱ्या मोकळ्या सोडतो. भुऱ्या अन काली अंगणात नसते तर अर्धा मोह त्यांच्या पोटात गेला असता.

तरी तू सांगितलं तसं मी केलं. भांडं वेगळं आहे. दार लावते. उचलत नाही. घंटी गळ्यात आहे.

आता खरं ऐक. तुझं ढेमसं रात्री कालीच्या पोटाशी झोपते. काली त्याचे कान चाटते, जसं काही तिच्याच पोटचं. संध्याकाळी भुऱ्याच्या शेपटीला लोंबकळते, तो काही म्हणत नाही. अन सकाळी मोह पसरला, हे दुडूदुडू अंगणात आलं, की तेच दोघं वैऱ्यासारखे अंगावर जातात. रात्री चाटते अन दिवसा चावते, असं कुत्रं मी पाहिलं नाही. मला वाटते हे मोहाची फुलं खाते, त्या वासानं ते चवताळतात. फुलं खाऊ देत नाही आता.

परवा असं पळवलं की कुठे लपलं ते सापडेना. लई वेळानं सरपणाच्या ढिगाखाली दिसलं. घाबरून बसलं होतं, हाललं नाही, म्हणून घंटीही वाजली नाही.

तुझे भाऊजी तुझ्या पिल्लावर हसले नाहीत. तेव्हा सुकराम बोडीत पाय घसरून पडला होता.

दुर्पता


तिरोडा
सोमवार, २४ मार्च

दुर्पताबाईस,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. मोहाच्या वासाने कुत्री चवताळली असती तर तुमच्या गावातलं प्रत्येक कुत्रं आतापर्यंत एकमेकांना खाऊन बसलं असतं. तुला कारण शोधायचं नाही, झाकायचं आहे.

मी सांगतो कारण. तूच लिहिलं आहेस. रात्री तू घरात असतेस, तेव्हा काही होत नाही. दिवसा तू पाण्याला जातेस, चुलीपाशी असतेस, आणि अंगणात कोण असतं? भाऊजी असतात. कुत्री कुणाची? भाऊजींची. ती छू म्हटल्यावर कशी तुटून पडतात ते मी दोन वर्षांपूर्वी तुमच्याच अंगणात पाहिलं आहे. भाऊजी ओट्यावर बसून नुसती जीभ टाळ्याला लावायचे आणि भुऱ्या सुटायचा. असं शिकवलेलं कुत्रं आपल्या मनाने घरच्या पिल्लावर जात नाही. त्याला कुणीतरी सांगतं.

मी त्या रविवारी पिल्लू घेऊन आलो, तेव्हा भाऊजी काय म्हणाले ते तू विसरलीस, मी नाही. "घरात खाणारा आला, काम करणारा नाही." मी गप्प राहिलो, कारण तुझं घर आहे. त्यांना ते पिल्लू नको होतं तर तोंडावर सांगायचं होतं. मुक्या जिवावर कुत्री घालणं हे कसलं पुरुषपण? हे त्यांना वाचून दाखव. माझी हरकत नाही.

तोपर्यंत ओमेशच्या हाती मोठी घंटी पाठवतो आहे. ही पितळी आहे, आवाज बोडीपर्यंत जाईल. ते नुसतं थरथरलं तरी ही वाजेल. म्हणजे तू चुलीपाशी असलीस तरी तुला कळेल आणि धावता येईल. आजच बांध. पट्टा किती घट्ट हवा ते ओमेशला दाखवलं आहे, दोन बोटं आत गेली पाहिजेत.

पिल्लाला काही झालं तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. हे मी रागात लिहिलेलं नाही. रागात लिहिलेला कागद मी फाडला, हा दुसरा आहे.

लखन


सालेकसा
शुक्रवार, २८ मार्च

लखन,

तुझी घंटी ओमेशनं परवा आणली, त्याच संध्याकाळी बांधली. काल मोह पसरला, पिल्लू बाहेर आलं, अन दोघंही एकदम आले. आधी काली यायची, मग भुऱ्या. काल एकदम. भुऱ्यानं मान धरायला पाहिली, पट्टा आडवा आला म्हणून कान तोंडात आला. मागचा पाय कालीनं धरला.

मी चुलीपाशीच होती. तुझी घंटी ऐकली. धावली. पण माझ्या आधी तुझे भाऊजी पोचले.

यांनी काठी नाही घेतली. काठी उगारली असती तर पिल्लालाच लागली असती. यांनी उजवा हात सरळ भुऱ्याच्या तोंडात घातला अन जबडा उघडला. पिल्लू सुटलं. हात नाही सुटला.

सालेकशाच्या दवाखान्यात नेलं. टाके पडले, सुई घेतली, अजून घ्यायच्या आहेत. मोहाचा भर आहे अन घरातला एक हात गेला. पिल्लाचा कान फाटला आहे, पाय टेकत नाही. जिवंत आहे.

घरी आलो तर तुझं पत्र फडताळावर होतं. मी लपवून ठेवलं होतं, पण हळद काढताना खाली पडलं. त्यांनी उचललं. तुला काय वाटलं, त्यांना वाचता येत नाही? सातवी शिकले आहेत. डाव्या हातानं कागद धरून, एकेक शब्द ओठात म्हणत सगळं वाचलं. पुरुषपणापर्यंत.

मग कागद घडी घालून होता तिथे ठेवला अन कुत्र्यांना भाकर टाकायला गेले.

मी असती तर चुलीत घातला असता. लिहून ठेव तुझ्या स्वच्छ अक्षरात की तुझ्या बहिणीनं असं म्हटलं.

दुर्पता


तिरोडा
शनिवार, २९ मार्च

दुर्पताबाईस,

भाऊजींना सुया सगळ्या घ्यायला लाव. एकही चुकवू देऊ नको, हात बरा वाटला तरी. टाके ओले होऊ देऊ नको. पिल्लाच्या जखमेत माशी बसू देऊ नको, पाय सुजला तर सालेकशाला जनावरांच्या डॉक्टरांकडे ने. ओमेशला सांगितलं आहे, तो सायकल देईल.

आता पुढचं. भाऊजींबद्दल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं. ते मी मागे घेतो. त्यांना समोर सांगायची माझी आज हिंमत नाही.

पण माझा राग गेलेला नाही, बाई. आधी तो भाऊजींवर होता म्हणून निदान कुठेतरी होता. आता तो मला बसू देत नाही. मिलमध्ये दोन वेळा पोतं चुकीच्या थप्पीला लावलं. मालक ओरडला. मी उलट ओरडलो. मी कधी ओरडत नाही.

भाऊजींनी सांगितलं नसेल तर ती कुत्री वाईट आहेत, एवढंच उरतं. ज्याची भाकर खाल्ली त्याच्या हाताला जे कुत्रं चावलं, ते घरात ठेवायचं नसतं. आज पिल्लू आहे, उद्या कुणाचं लेकरू असेल. भुऱ्याला घालवा. कुठेही सोडा, पण परत येणार नाही इतक्या लांब सोडा. कालीचं तुम्ही ठरवा.

मी पुढच्या रविवारी पिल्लाला घ्यायला येतो. सुशिलाबाईंना खोली सोडतो म्हणून सांगितलं आहे. दुसरी मिळाली नाही. मिळेल.

लखन


सालेकसा
गुरुवार, ३ एप्रिल

लखन,

हे पत्र शांतपणे वाच. मी शांतपणे लिहून नाही राहिली.

तुझं पत्र आलं तर यांनी ते स्वतःच मागून घेतलं. वाचून म्हणाले, "बरोबर लिवते तुहा भाऊ. भुऱ्याले सोडून येतो." शुक्रवारी सुकरामच्या गाडीवर बसवून राज्याच्या हद्दीपलीकडच्या जंगलात सोडायचं ठरलं. मी अडवलं नाही. कशी अडवणार? हाताला टाके होते. भुऱ्याला खुंट्याला बांधून टाकलं. तो कधी बांधला गेला नव्हता. दोन दिवस त्यानं भाकर हुंगली नाही. काली त्याच्यापाशी बसून राहायची. अन तुझं ढेमसं, लंगडत लंगडत, रात्री त्याच दोघांच्या मधे जाऊन झोपायचं.

हातामुळं हे मोहाला येत नव्हते. बुधवारी ओट्यावर बसून होते. पिल्लाच्या कानाची जखम धुवायची म्हणून मी पट्टा काढून यांच्या बाजूला ठेवला होता अन पाण्याला गेली होती. मोह पसरलेला. पिल्लू उतरलं अन सरळ मोहावरून चालत पलीकडे गेलं. फुलं तोंडात घेतली, थुंकली. काली मोकळी होती. तिनं डोळा उघडून पाहिलं अन मिटला.

यांना वाटलं, आता उठेल. नाही उठली. पिल्लू मोहात लोळलं. तरी नाही.

मग यांनी बाजूचा पट्टा उचलला. कायले उचलला ते त्यांनाही सांगता येत नाही. घंटी वाजली. काली ताडकन उठून ओट्याकडे आली, दात काढून. खुंट्याला भुऱ्या दोर तोडून राहिला. यांनी घंटी मुठीत धरली, की दोघंही गप्प. पुन्हा वाजवली, पुन्हा उठले. पिल्लू तिकडं मोहात बसून पाहून राहिलं, त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

मी घागर घेऊन आली तर हे ओट्यावर बसून डाव्या हातानं घंटी वाजवून राहिले. मला वाटलं ताप डोक्यात चढला.

लखन, या कुत्र्यांना दोन उन्हाळे आम्हीच शिकवलं. मोह पसरला असला अन घंटी वाजली, की बकरी आली. बकरी आली की हाकलायची. तू पाहिलं नव्हतं का, भाऊजी जीभ टाळ्याला लावायचे? ते शिकवणं होतं. आता सांगावंही लागत नाही. अन तू बकरीची घंटी बांधून पिल्लू पाठवलं. आम्ही त्याला मोहाच्या अंगणात सोडलं. ते कमी पडलं म्हणून तू मोठी पाठवली.

मला काऊन नाही समजलं, असं विचारशील. आमच्या गावात दिवसभर घंट्या वाजतात. कानाला ऐकूच येत नाहीत. ज्याला ऐकून काम करायचं होतं, त्यालाच ऐकू आलं.

यांनी उठून भुऱ्याचा दोर सोडला. मग माझ्यावर ओरडले, तुझ्यावर ओरडले, स्वतःवरही ओरडले. लग्न झाल्यापासून मी त्यांचा एवढा आवाज ऐकला नव्हता. "कुत्र्यानं आपलं काम केलं. अन आपण त्याले जंगलात फेकून राहिलो होतो." घंटी गरगर फिरवून छपराच्या कवेलूवर फेकली. ती खणखणत घरंगळली अन वळचणीला अडकली. आता वारा सुटला की वाजते अन दोघंही छपराकडे पाहून भुंकतात. काढायला चढणार कोण? एकाचा हात नाही, दुसरीला वेळ नाही.

उद्याचं जाणं रद्द. भुऱ्या इथंच राहील. तू काय करायचं ते तू ठरव.

दुर्पता


तिरोडा
शनिवार, ५ एप्रिल

चैतरामभाऊजींस,
लखनचा जय सेवा.

हे पत्र बाईला नाही, तुम्हाला आहे.

मी तुमच्यावर मुक्या जिवावर कुत्री घालण्याचा आळ घेतला. ती कुत्री मीच घातली. दोन वेळा. दुसऱ्या वेळी पट्टा किती घट्ट बांधायचा ते बोटं घालून दाखवून. तुमचा हात माझ्यामुळे फाटला, आणि त्याच आठवड्यात मी तुम्हाला भुऱ्याला घालवायला लिहिलं. तुम्ही घालवायला निघालात. माझं ऐकून निघालात, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

मी कुठलीही गोष्ट तीनदा बघून करतो. मिलमध्ये यावरून हसतात. घंटीसुद्धा मी तीनदा बघून घेतली होती. कडा धारदार आहे का, पट्टा काचतो का, आवाज किती लांब जातो. ती कुणाच्या कानावर पडेल हे बघितलं नाही.

मला माझा एवढा राग आला आहे की काल जेवलो नाही. हे तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. भुऱ्यानेही दोन दिवस खाल्लं नव्हतं, असं बाईने लिहिलं होतं, ते डोक्यातून जात नाही.

उद्या यायचं म्हणालो होतो, पण येत नाही. तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. पिल्लाला घेऊन जायला येऊ, की नुसतं बघायला येऊ, की येऊच नको, हे तुम्हीच सांगा. बाईला विचारत नाही, ती माझी बहीण आहे, ती रागावून का होईना ये म्हणेल. सुशिलाबाईंकडे महिनाअखेरपर्यंत राहायला मिळालं आहे. पिल्लू आणायचं असेल तर त्याआधी दुसरी खोली बघावी लागेल. घाई नाही. हात बरा होऊ द्या.

आपला,
लखन


सालेकसा
रविवार, १३ एप्रिल

लखन,

यांचा हात अजून बोटं मिटू देत नाही, म्हणून हे सांगून राहिले अन मी लिहून राहिली. पण त्यांचं बोलणं एवढंसं असते, तर आधी माझं वाच.

मोह संपत आला. झाडाखाली आता थोडाच सापडतो. पिल्लाचा कान दोन फाकांत भरला, तसाच राहील. पाय टेकते, पण पळताना मधेच उचलते. परवा दुपारी मी मोह हलवून राहिली होती. भुऱ्या झोपलेला, काली झोपलेली. वळचणीची घंटी वाऱ्यानं वाजली तर आताशा ते नुसते कान हालवतात, कंटाळले. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून सुकरामची बकरी आत आली, गळ्यात घंटी. अन त्या दोघांच्या आधी कोण उठलं असेल? तुझं ढेमसं. फाटका कान मागे टाकून, तीन पायांवर, एवढंसं तोंड उघडून सरळ बकरीच्या अंगावर. बकरी त्याच्या चौपट. ती थांबली, तर हेही थांबलं. मग मागून भुऱ्या उठून याच्या बाजूला उभा राहिला. बकरी गेली.

सुकराम कुंपणापलीकडून पाहून राहिला होता. म्हणाला, "चैतराम, बेंडक्याएवढं, एवढंसं कुत्रं ठेवलं राखणीले." हे म्हणाले, "त्याले फुकटात नाही शिकवलं. एक हात गेला माहा."

तुझं पत्र यांनी माझ्याकडून ऐकलं नाही, स्वतः वाचलं. मग तसंच घडी घालून खिशात ठेवलं. आठवडाभर खिशातच होतं. मी विचारलं, काय उत्तर द्यायचं? तर म्हणे, पाहू. आज सकाळी पिल्लाला मांडीवर घेऊन कानाला हळद लावून राहिले होते, तेव्हा बोलले. जसं बोलले तसंच लिहिते, चुका काढू नको.

"साळ्याले लिव. म्या काम करणारा नाही म्हटलं होतं, ते कुत्र्याले म्हटलं होतं, तुले नाही. अन आता कुत्र्याले बी म्हणत नाही. पिल्लू कोणी नेऊन नाही राहिला, त्याले इथं काम आहे. तू खुशाल येजो. राग असन तं घेऊन येजो, माहाही आहे, अंगणात बसून काढू. छपरावरची घंटी उतरवाले चढणारा माणूस पाहिजे.

फक्त येताना गळ्यात काही बांधून येजो नको."

दुर्पता